कामाच्या जागी बोलण्याची रीत



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या कारखान्यांत ज्यांनी आपली हयात घालवली, त्या कामगारांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे. म्हणून विषयही त्यांच्या रोजच्या कामातलाच घेतला आहे. कामाच्या जागी माणसे एकमेकांशी कशी बोलतात, चूक कशी दाखवतात, धोका कसा सांगतात आणि समोरच्याचे खरोखर ऐकतात का, याबद्दल मी आज बोलणार आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. चांगले बोलणे हा स्वभावाचा भाग आहे असे आपण धरून चालतो. एखादा साहेब गोड बोलतो, एखादा तिरसट असतो. एखादी कामगार बाई धीट असते, एखादी बुजरी. मग जे काही बिघडते ते आपण स्वभावाच्या खात्यावर टाकतो आणि मोकळे होतो. मला हे मान्य नाही. कामाच्या जागचे बोलणे स्वभावावर सोडता कामा नये, त्याला ठरलेली रीत हवी. रीत असली की बुजऱ्याला बोलता येते आणि तिरसटाला ऐकावे लागते. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याचे रीतीवाचूनही भागते. ज्याच्या हाती अधिकार नाही, त्याला मात्र रीतीचाच आधार असतो.

आपल्या ठाणे जिल्ह्याला हा विचार परका नाही. भारतातल्या कामगार चळवळीचे आद्य नेते नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली जन्मले आणि ठाण्यात शिकले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्या निवेदनातल्या मागण्या आजही मुद्दाम वाचाव्यात अशा आहेत. आठवड्याला रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

गिरणीतल्या माणसांवर त्या काळी काय बेतत होते ते आपण जाणतो. लोखंडे यांना ‘गिरणीत जुलूम चालतो’ एवढेच लिहिता आले असते आणि ते खोटे ठरले नसते. पण जुलूम आहे म्हटले की मालक नाही म्हणतो आणि बोलणे तिथेच संपते. अर्धा तास, साडेसहा आणि १५ तारीख यांना नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागते. लोखंडे यांनी तक्रारीला मोजता येईल असे रूप दिले आणि समोरच्याला उत्तर देणे भाग पाडले. २४ एप्रिल १८९० च्या मुंबईतल्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज जो रविवार उपभोगतो तो असा मिळालेला आहे. नेमके बोलण्यात केवढे बळ असते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी एकेका खोलीत उद्योग उभे केले. अंबरनाथला विम्कोच्या काडेपेटीचा कारखाना होता, पुढे आयुध निर्माणी आल्या आणि त्यांच्याबरोबर देशभरातून माणसे आली. मग अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. आज एखाद्या रासायनिक कारखान्यात मालक सिंधी किंवा गुजराती असतो, केमिस्ट मराठी, ऑपरेटर खानदेशातला आणि हेल्पर जौनपूरचा किंवा दरभंग्याचा. चौघांना जोडणारी एक कामचलाऊ हिंदी असते. तिच्यात ‘झडप बंद कर’ एवढे सांगता येते. ‘झडप बंद आहे असे मला वाटते, पण खात्री नाही’ हे सांगणे अवघड जाते. नेमके हे दुसऱ्या प्रकारचे वाक्यच माणसाचा जीव वाचवते.

भाषेच्या जोडीला मानाच्या पायऱ्या आहेत. पंचवीस वर्षांचा इंजिनिअर पंचावन्न वर्षांच्या फिटरला ‘काका’ म्हणतो आणि काकांची चूक दाखवायला कचरतो. काका इंजिनिअरला ‘साहेब’ म्हणतात आणि साहेबांचा आराखडा चुकला आहे हे दिसत असूनही गप्प बसतात. दोघेही सभ्य आहेत, दोघेही एकमेकांचा मान राखत आहेत आणि या मान राखण्यात काम बिघडते आहे. इथे स्वभाव बदला असे कुणाला सांगून उपयोग नाही. मान राखूनही खरे बोलता येईल अशी वाट दोघांना आखून दिली पाहिजे.

अशी वाट कशी असते ते आपण रोज अनुभवतो. बदलापूरहून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये सगळ्यात मागे गार्ड असतो, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. सगळ्यात पुढे मोटरमन असतो. गाडी सोडायची वेळ झाली की मागून घंटीचे दोन ठोके जातात. मोटरमन तेच दोन ठोके परत देतो आणि मग गाडी हलते. गार्डने ठोके दिले एवढे पुरत नाही, ते पोचले हे परतलेल्या ठोक्यांवरून सिद्ध व्हावे लागते. स्टेशन मास्तर आणि फाटकावरचा गेटमन एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात आणि तो नोंदवहीत उतरवतात, त्यामागेही हाच विचार आहे. रेल्वेने लाखो माणसांचा जीव कुणाच्या चांगल्या स्वभावावर सोडलेला नाही, तो परत सांगण्याच्या नियमावर ठेवला आहे.

कारखान्यात आणि कचेरीत मात्र आपण सूचना देतो आणि विचारतो, “कळलं का?” समोरून उत्तर येते, “हो साहेब.” या प्रश्नाला दुसरे उत्तरच शक्य नसते. चार माणसांसमोर ‘नाही कळलं’ म्हणणे म्हणजे स्वतःला मठ्ठ म्हणवून घेणे. म्हणून प्रश्न बदलला पाहिजे. “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता तू काय काय करणार, ते क्रमाने सांग.” या वाक्यात परीक्षा सांगणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही. हेल्परने आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत सांगितले तरी चालेल. चार पायऱ्यांपैकी तिसरी सुटली तर ती तिथल्या तिथे कळते आणि कुणाला ओरडावे लागत नाही. याला अर्धे मिनिट लागते.

पहिली रीत ही, ऐकलेले परत सांगण्याची. दुसरी चूक दाखवण्याची, म्हणजे आजच्या कचेरीच्या भाषेत फीडबॅकची.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या अनेक दशकांच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरीने पाहता अभिप्राय मिळाल्यावर काम सुधारते, असे त्यांना आढळले. पण एक तृतीयांशाहून अधिक दाखल्यांत अभिप्राय मिळाल्यावर काम आणखी बिघडले होते. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे की, अभिप्राय माणसाचे लक्ष कामाकडून काढून स्वतःकडे वळवू लागला की त्याचा उपयोग घटतो. मी कसा आहे, मला काय समजतात, या विचारात माणूस अडकला की हातातले काम मागे पडते. आपल्याकडची बोलणी आठवून पाहा. “तुम्ही आजकाल लक्षच देत नाही.” “तुझ्यात जबाबदारीची जाणीवच नाही.” ही वाक्ये माणसाबद्दल आहेत. ती ऐकणारा स्वतःचा बचाव करणार, यात नवल नाही.

आता तीच गोष्ट रीतीने सांगू. “काका, काल दुसऱ्या पाळीत तीन नंबरच्या लेथवरचे बारा शाफ्ट मापाला कमी भरले. त्यामुळे आज सकाळी असेंब्ली दोन तास थांबली. काय झालं होतं?” यात कधी आणि कुठे ते आहे, काय घडले ते आहे आणि त्याचा परिणाम काय झाला तेही आहे. शेवटी एक खरा प्रश्न आहे. तो विचारल्यावर गप्प राहायचे असते, आणि मला वाटते या रीतीतला सगळ्यात अवघड भाग तोच आहे. कदाचित काका सांगतील की टूल बदलून मागितले होते, स्टोअरमधून मिळाले नाही. कदाचित सांगतील की संध्याकाळी उजेड कमी असतो आणि मायक्रोमीटरचे आकडे नीट दिसत नाहीत. तुम्ही ज्याला निष्काळजीपणा समजत होता ते वेगळेच काही निघते. त्यानंतर दोघांनी मिळून काय बदलायचे आणि ते पुन्हा कधी पाहायचे, हे ठरवावे. दिवस ठरल्याशिवाय हे बोलणे संपवू नये.

याबरोबर काही पथ्ये आहेत. चूक चौघांत दाखवू नये, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. ग्रुपवर लिहिलेले बोलणे पुसले जात नाही आणि त्यात आवाजातली आपुलकी उतरत नाही. घटनेला आठवडा उलटू देऊ नये. मार्चमधल्या अप्रेझलच्या वेळी जूनमधली चूक काढणे हा अन्याय आहे. आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड अशी जी पद्धत प्रशिक्षणांत शिकवतात, तिच्याबद्दल मला शंका आहे. काही दिवसांनी माणूस स्तुती सुरू झाली की धसका घेतो, पुढे काय येणार हे त्याला कळलेले असते. स्तुतीही त्याच नेमक्या रीतीने, पण तिच्या वेळी आणि एकटीच करावी. “मस्त काम” म्हटल्याने बरे वाटते. पण “काल तू गॅस्केट बदलून घेतलंस, म्हणून रात्रीची गळती टळली” असे म्हटले की नेमके काय पुन्हा करायचे ते कळते.

अभिप्राय माणसापर्यंत पोचलाच नाही तर काय होते, याचा एक खटला आपल्या सरकारी नोकरांना माहीत असायला हवा. गोपनीय अहवाल हा शब्द इथल्या घराघरांत ठाऊक आहे. आयुध निर्माणी असो, रेल्वे असो की नगरपालिका, साहेब वर्षाअखेरी काहीतरी लिहीत, ते बंद पाकिटात जाई आणि त्यावर आपली बढती ठरे. फक्त प्रतिकूल शेरा असेल तरच तो कळवण्याची पद्धत होती. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतले देव दत्त हे कार्यकारी अभियंता बढतीपासून वंचित राहिले, कारण एका वर्षी त्यांना ‘चांगले’ असा शेरा होता आणि बढतीसाठी ‘अतिशय चांगले’ लागत होते. ‘चांगले’ हा काही वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाच नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. माणसाबद्दलचे मत माणसाला न सांगता त्याच्याविरुद्ध वापरणे न्यायाला धरून नाही, हे त्या निकालाचे सार आहे. हा निकाल सरकारी नोकरीपुरता असला, तरी खाजगी कारखान्याच्या मालकाला तो मनाने स्वीकारायला कुणी अडवलेले नाही.

तिसरी रीत पाळीबदलाची. आपल्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्या चालतात. सकाळच्या पाळीचा माणूस बस पकडायच्या घाईत असतो आणि दुपारचा नुकताच आलेला असतो. त्या पाच मिनिटांत कारखान्याची सगळी माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायची असते. ती गेली नाही तर काय होते, ते ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर दिसले. दिवसाच्या पाळीत एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि तिच्या जागी तात्पुरते झाकण बसवले होते. तो पंप सुरू करायचा नाही, ही गोष्ट रात्रपाळीतल्या ज्या माणसांना कळायला हवी होती त्यांना कळली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा सुरू केला. वायू बाहेर आला, स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत कामाच्या परवान्याची पद्धत आणि पाळीबदलातली माहितीची देवाणघेवाण हे दोन्ही दोष ठळकपणे पुढे आले. त्या फलाटावर परवान्यांचे कागद होते. हातात कागद धरून, यंत्रापाशी उभे राहून, एकाने दुसऱ्याला सांगणे तेवढे राहून गेले.

म्हणून पाळीबदलाचे बोलणे चार प्रश्नांत बांधावे. आत्ता काय चालू आहे? काय बंद किंवा उघडे ठेवले आहे आणि का? नेहमीपेक्षा वेगळे काय दिसले? पुढच्या पाळीने कशावर लक्ष ठेवायचे? हे नोंदवहीत लिहावे, तोंडानेही सांगावे आणि घेणाऱ्याने परत सांगावे. त्यानंतर दोघांनी सही करावी. पाळी संपल्यावर यासाठी लागणारी दहा मिनिटे मालकाने पगारात धरावीत. ती कामगाराच्या फुकटच्या वेळातून काढायची म्हटली, तर रीत महिनाभरही टिकणार नाही.

चौथी रीत सगळ्यात महत्त्वाची आहे, वरिष्ठाला थांबवण्याची. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमाने धडकली आणि ५८३ माणसे मेली. एका विमानाचा कप्तान आपल्या कंपनीचा नावाजलेला, वैमानिकांना शिकवणारा माणूस होता. विमान धावपट्टीवर वेग घेत असताना त्याच्याच कक्षातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले होते की, समोरचे विमान बाजूला झाले नाही का? कप्तानाने ठामपणे झाले आहे असे सांगितले. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. त्याची शंका खरी होती. या आणि अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी वैमानिकांना शिकवणे बदलले. कनिष्ठाने शंका कशी चढत्या पायऱ्यांनी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी घ्यायची, हा प्रशिक्षणाचा भाग झाला.

त्या पायऱ्या आपल्या कारखान्यात अशा बसवता येतील. पहिली पायरी, दिसते ते सांगणे: “साहेब, दोन नंबर रिअॅक्टरचं तापमान दहा मिनिटांत आठ अंशांनी चढलंय.” उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर दुसरी पायरी, धोका आणि उपाय सांगणे: “मला हे धोक्याचं वाटतंय. माल टाकणं थांबवून कूलिंग वाढवूया.” तरीही काही झाले नाही, तर तिसरी पायरी: “मी माल टाकणं थांबवतोय.” तिसऱ्या पायरीवर जाणाऱ्याला शिक्षा होणार नाही, त्याची शंका चुकीची ठरली तरीही होणार नाही, हे मालकाने आधीच लेखी जाहीर केले पाहिजे. शंका खरी ठरली तरच शाबासकी, असे असेल तर कुणी शंका घेणार नाही.

धोका सांगू देणे हा केवळ चांगुलपणाचा भाग नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. भोपाळमध्ये १९८४ मध्ये कारखान्यातून विषारी वायूची जी गळती झाली तिच्या दोन वर्षे आधी राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून धोक्याचे इशारे छापले होते. कुणी ऐकले नाही. दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. कलम ४१-एच नुसार, जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटला तर कामगाराला तो व्यवस्थापकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेला आणण्याचा हक्क मिळाला आणि खात्री पटल्यावर लगेच उपाय करणे व्यवस्थापकाचे कर्तव्य ठरले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही त्याच आशयाचा हक्क आहे. आपल्या शेजारी डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांचे हादरे अनेकांच्या खिडक्यांपर्यंत आले होते. तेव्हा मी समोरच्या प्रत्येक कामगाराला विचारतो: तुमच्या कारखान्यातल्या सुरक्षा समितीत तुमचा प्रतिनिधी कोण आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? आणि प्रत्येक मालकाला विचारतो: हा हक्क तुमच्या फाटकाच्या आत मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावला आहे का?

पाचवी रीत मतभेदाची. आपल्या शास्त्रकारांनी वादाला एक शिस्त घातली होती. आपले मत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच किंवा त्याच्याहून जोरकसपणे मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे. १९५२ मध्ये अमेरिकेत कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने वादासाठी जवळपास हाच नियम सुचवला. समोरच्याने मांडलेले मत आणि त्यामागची भावना त्याचे समाधान होईल अशी परत मांडल्याशिवाय कुणीही आपले मत मांडायचे नाही. दोन टोकांच्या परंपरा एकाच जागी पोचल्या, कारण माणसाचे मन दोन्हीकडे सारखेच आहे. आपले ऐकले गेले अशी खात्री पटल्याशिवाय ते दुसऱ्याचे ऐकत नाही.

उदाहरण घ्या. पर्यवेक्षक म्हणतो, पाळी संपल्यावर अर्धा तास थांबा. एक कामगार बाई म्हणते, जमणार नाही. पर्यवेक्षकाला तो कामचुकारपणा वाटतो. त्याला तिचे म्हणणे आधी परत मांडायला लावा. “तुमचं म्हणणं असं की ठरलेली बदलापूर लोकल चुकली की पुढच्या गाडीत चढायला मिळत नाही, घरी पोचायला रात्र होते आणि मुलाला पाळणाघरातून वेळेत आणता येत नाही.” आता तिने पर्यवेक्षकाचे म्हणणे मांडावे. “तुमचं म्हणणं असं की गाडी भरून आजच गेली नाही तर ऑर्डर रद्द होईल.” इथवर आल्यावर दोघे एकाच बाजूला उभे राहून वेळापत्रकाकडे पाहू लागतात. ज्याला गाडी चुकण्याची भीती नाही त्याने आज थांबावे, किंवा उद्या अर्धा तास आधी यावे, अशा वाटा निघतात. भांडण मिटेलच असे नाही, पण निदान भांडण कशाचे आहे ते कळते.

बैठकीतही एक साधा नियम लावता येतो. लष्करी न्यायालयात मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्याने आधी बोलायचे असते, म्हणजे वरिष्ठाच्या मताचे ओझे त्याच्यावर येत नाही. अंबरनाथच्या आयुध निर्माण्यांत लष्करासाठीचे सामान घडवणाऱ्या आपल्या माणसांनी लष्कराची ही प्रथाही उचलावी. बैठकीत साहेबांनी शेवटी बोलावे. साहेब आधी बोलले की बैठकीला उरतो तो फक्त होकार.

रीती कितीही सांगितल्या तरी त्यांना बसायला जागा लागते. आपल्या कायद्याने अशा जागा केव्हाच निर्माण केल्या आहेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कार्य समिती नेमण्याची तरतूद केली आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असे सांगितले. रोजचे मतभेद वाढण्याआधी बोलून मिटवणे हे तिचे काम. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती आवश्यक केली, तिच्यात दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य आणि स्त्रियांचे योग्य प्रतिनिधित्व असावे असे सांगितले. तरीही या समित्या अनेक ठिकाणी कागदावर राहतात. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्येच कार्य समित्यांच्या अपयशाची कारणे नोंदवली होती. त्यांचे काम नेमके काय हे अस्पष्ट होते, युनियनांमध्ये आपसांत चुरस होती आणि मालकांना समित्या नकोशा होत्या. पहिले कारण आपल्या विषयाचे आहे. कशाबद्दल, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने बोलायचे हे ठरलेले नसले, की बैठक चहाबरोबर सुरू होते आणि चहाबरोबर संपते. समितीला रीत द्या. मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टींचे काय झाले, हा पहिला विषय ठेवा. प्रत्येक नवी तक्रार लोखंडे यांच्यासारखी मोजता येईल अशा शब्दांत घ्या. प्रत्येकीपुढे कोण करणार आणि कधीपर्यंत, ते लिहा आणि तो कागद फलकावर लावा.

आता या रीतींची मर्यादा. पगार थकला असेल तर फीडबॅकच्या प्रशिक्षणाने पोट भरत नाही. हातमोजे दिलेच नसतील तर ते का घातले नाहीत, असे कितीही मृदू शब्दांत विचारले तरी ती क्रूरताच आहे. जिथे युनियनची गरज आहे तिथे बोलण्याची रीत तिची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊ नये. कामाच्या जागी एखाद्या स्त्रीचा लैंगिक छळ होत असेल, तर ‘दोघांनी बसून बोला’ हा सल्ला चुकीचा आहे. ते प्रकरण २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडेच गेले पाहिजे. बोलण्याच्या रीतीने न्याय आपोआप मिळत नाही. पण न्याय मागता यावा यासाठी ती लागते, आणि उद्याची दुर्घटना आज कळावी यासाठी लागते.

रीतीचा आरंभ वरून व्हायला हवा. हॉस्पिटलांतल्या चमूंचा अभ्यास करताना एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात असे दिसले की, चांगले नेतृत्व असलेल्या चमूंत चुकांची नोंद अधिक होती. त्यांनी काढलेला अर्थ असा की, तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगायची भीती कमी होती. म्हणून ज्या कारखान्याच्या नोंदवहीत वर्षभरात एकही चूक नाही, एकही थोडक्यात टळलेला अपघात नाही, त्या कारखान्याच्या मालकाने निर्धास्त होऊ नये. त्याने काळजी करावी आणि आपण शेवटचे कधी कुणाचे पूर्ण ऐकून घेतले, हे स्वतःला विचारावे.

इथून गेल्यावर करण्यासारख्या तीन गोष्टी मी मागतो. पर्यवेक्षकांनी ‘कळलं का’ हा प्रश्न सोडावा आणि काम परत सांगायला लावावे. पाळीबदलाच्या नोंदवहीत चार प्रश्नांचे चार रकाने आखावेत. आणि प्रत्येक कारखान्याने फाटकाजवळ एक फलक लावावा. त्यावर कामगाराने सांगितलेली सूचना किंवा धोका, ती मिळाल्याची तारीख, उत्तर देणाऱ्याचे नाव आणि उत्तराची तारीख लिहावी. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल, पण कारणासह असावे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला रोज दिसेल, आणि तो भरण्याची जबाबदारी कुणाची आहे हेही दिसेल. याला पैसा जवळजवळ लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ती आपल्या हाताखालच्या माणसाला उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे, असे मानण्याची तयारी. ती तयारी मालकांनी आणि अधिकाऱ्यांनी दाखवावी, आणि ती मागण्याची हिंमत कामगारांनी एकट्याने नव्हे तर एकत्र येऊन दाखवावी, एवढे सांगून मी थांबतो.